पटले सरांचं बिनसहीचं चित्र

पटले सर चित्रकलेच्या पहिल्या तासाला पोरांना कागद काढू देत नसत. टेबलावर पितळी गडवा ठेवायचे आणि म्हणायचे, "पाहा." अर्धा तास नुसतं पाहणं. मग गडवा झोळीत टाकून विचारायचे, पोचा कोणत्या बाजूला होता, काठ जाड का पातळ. सांगता आलं त्यालाच पेन्सिल. मी सडक अर्जुनीच्या त्या शाळेत शिपाई होतो, चौथी शिकलेला. मला वाटायचं, हा माणूस थोडा सरकलेला आहे.

नोकरीभर त्यांनी असंच शिकवलं. एकदा तपासणी होती म्हणून हेडमास्तरांनी पोरांकडून कॅलेंडरवरचे देव काढून घेऊन भिंती भरायला सांगितलं. सर पोरांना मागच्या गोठ्यात घेऊन गेले. भिंतीवर सगळ्या म्हशी लागल्या, त्याही शेपटीकडून. हेडमास्तर तापले. सर म्हणाले, "देव पाहला नाही साहेब, म्हैस पाहली."

ते रिटायर झाले आणि ती जागा कोणी भरलीच नाही. चित्रकलेच्या तासाला गणित बसलं.

पुढच्याच साली माझी बायको गेली. तेरवीला हार घालायला फोटो नव्हता. मोबाईल होता, पण फोटो न काढणारा. मतदानाच्या कार्डावर नुसता काळा डाग. आम्हाला पोरबाळ नाही. कोहमाऱ्याला सरांच्या घरी गेलो, म्हटलं चित्र काढून द्या. त्यांनी तिला कधी धड पाहिलं नव्हतं, म्हणून मलाच विचारायला लागले. भुवया जुळलेल्या होत्या का? कपाळावर गोंदण किती ठिपक्यांचं? चाळीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं आणि मला एकही सांगता येईना.

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "सोमाभाऊ, तू तिले पाहलंच नाही गा. मी काढीन ते भलत्याच बाईचं होईल."

"होऊ द्या सर. तेरवी परवा आहे."

त्यांनी काढलं. खाली सही केली नाही.

वर्षभराने घरी आले, फ्रेमसमोर उभे राहिले. म्हणाले, "काढून टाक. जिंदगीत एकच खोटं चित्र काढलं, ते तुह्या घरी आहे." मी हो म्हटलं आणि काढलं नाही. गेल्या दिवाळीनंतर सर वारले.

आता डोळे मिटून बायको आठवायला जातो तर हीच बाई येऊन राहिली. माझी कुठं गेली ते विचारायला सरही नाहीत. दोनदा स्टुलावर चढलो. पण हिला उतरवलं तर घरात कोणीच राहत नाही.