सावधान स्थितीतला पाय

"पेशंट कसा आहे, सर?" फोनवरून मेजरांनी विचारले. ते लष्करी रुग्णालयातले तरुण अस्थिशल्यविशारद. त्यांची अँब्युलन्स मुरबाडकडे निघण्याच्या तयारीत होती.

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो. "रात्रभरात एकदाही कण्हला नाही. दुखण्याचं इंजेक्शनसुद्धा नको म्हणाला."

"म्हणजे प्रवासाला फिट?"

"फिट."

फोन ठेवताना मला समाधान वाटत होते. ते समाधान नेमके कशाचे होते, याचा विचार मी गेले वर्षभर करीत आहे.

मी लष्करातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो. हाडांचा डॉक्टर. आता शहापूरला राहतो आणि मुरबाडच्या एका छोट्या खाजगी रुग्णालयात काम करतो. आदल्या संध्याकाळी तिथे लष्करातला नाईक प्रकाश याला आणले गेले. भाताच्या झोडणीसाठी तो रजेवर घरी आला होता. वैशाखरे गावाच्या अलीकडच्या वळणावर खडीवरून त्याची मोटारसायकल घसरली आणि डाव्या नडगीचे हाड मोडले. कातडी फाटलेली नव्हती. रजेवरच्या सैनिकाला अपघात झाला तर जवळच्या कोणत्याही रुग्णालयात तातडीचे उपचार करायचे आणि मग त्याला लष्करी रुग्णालयाच्या स्वाधीन करायचे, अशी पद्धत आहे. मी हाड सरळ केले आणि कापसाचा थर देऊन प्लास्टर बांधले. इथपर्यंत सारे रीतसर होते.

चूक घडली ती त्याच वेळच्या दोन वाक्यांत. प्लास्टर बांधताना तो दात आवळून पडला होता. मी सवयीने म्हणालो, "शाब्बास, जवान."

त्याने डोळे उघडले. "सर, तुम्ही फौजी?"

मी माझा हुद्दा सांगितला. तो ऐकताच त्याने झोपल्या झोपल्या दोन्ही हात मांड्यांना चिकटवले, हनुवटी वर घेतली आणि नजर छताकडे लावली. लष्करी रुग्णालयात वरिष्ठ अधिकारी राउंडला आले की रुग्ण खाटेवर असेच पडतात. सावधान, पण आडवे. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. मला मात्र त्या लहानशा खोलीत आपली पलटण भेटल्यासारखे वाटले. माझा ऊर भरून आला.

तो भरून यायला नको होता. कारण त्या क्षणापासून मी डॉक्टर राहिलो नाही, आणि तो रुग्ण राहिला नाही.

सकाळी सिस्टर म्हणाल्या, "सर, पेशंटला झोप लागली नाही. पण तक्रार काही नाही."

मी खाटेपाशी गेलो. तो पुन्हा सावधान.

"ठीक आहे ना, जवान?"

"ठीक आहे, सर. नो प्रॉब्लेम, सर."

मी पायाची बोटे पाहिली. गुलाबी होती. घोट्याजवळची नाडी लागत होती. मी मेजरांना फोन केला. तोच फोन वर सांगितला आहे.

इथे थोडे समजावून सांगायला हवे. पोटरीचे स्नायू चार बंद कप्प्यांत असतात. कप्प्यांच्या भिंती चिवट असतात, त्या ताणल्या जात नाहीत. हाड मोडले की आत सूज येते. गच्च शिवलेल्या पोत्यात भिजलेले भात फुगावे, तसे आतले स्नायू फुगू लागतात आणि त्यांचा रक्तपुरवठाच आवळला जातो. याला आम्ही कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतो. काही तासांत स्नायू मरतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही. कधी कधी पायच कापावा लागतो. फसवणूक अशी की बोटे गुलाबी राहतात, नाडी लागते, एक्स-रे मुका असतो. सुरुवातीची विश्वासार्ह खूण एकच: असह्य, वाढत जाणारी वेदना. म्हणजे आमच्या हाती रुग्णाच्या तोंडचे शब्दच उरतात. आणि हे शब्द मी आदल्या संध्याकाळीच बंद करून टाकले होते.

थोड्या वेळाने त्याची आत्या आली. द्वारकाबाई. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवले होते. तिने फडक्यातून नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी आणली होती. मी त्याच खोलीत डिस्चार्जचे कागद लिहीत होतो.

"खा रे."

"नंतर खातो, आत्या."

"नंतर कदी? गाडी येतेय ना तुझी? सरकारी गाडीत सुकटीचा वास सुटला तर तो डायवर तुला रस्त्यात उतरवेल."

सिस्टर हसल्या. मीही हसलो. प्रकाश हसला नाही.

"मेसचं खाऊन माझी भाकरी कडू लागते का तुला?"

"नको सांगितलं ना, आत्या."

ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "डाक्टर, याला दुखतंय हां."

"नाही हो. मी विचारलं त्याला. ठीक आहे म्हणाला."

"तुमाला तसंच बोलणार तो. तुमी साहेब. हा दुखलं का गप होतो, लहानपणापासून. पण सुकट कदी सोडत नाय. तापात पण खायचा."

मी पेन खाली ठेवले. खरे सांगायचे तर मी तिच्या समाधानासाठी उठलो, माझ्या शंकेसाठी नव्हे. प्लास्टरबाहेर आलेला त्याचा अंगठा धरला आणि हळूच खाली वाकवला. कप्पा आवळला गेला असेल तर या साध्या हालचालीने स्नायू ताणला जातो आणि माणूस किंचाळतो.

तो किंचाळला नाही. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते कानांपर्यंत ओघळले. हात मांड्यांनाच चिकटलेले होते.

"दुखतं?"

"ठीक आहे, सर."

त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. तीस वर्षे मी सैनिकांचे पाय हाताळले आहेत. पण माणसाच्या आज्ञाधारकपणाची एवढी ताकद मी त्या दिवशी प्रथम पाहिली. आणि ती ताकद त्याचाच पाय मारीत होती. मला भीती वाटली. मी आत्याला म्हणालो, "तुम्ही विचारा."

तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. "सांग रे बाबा. या डाक्टरला कशाला घाबरतोस? केस पिकलेत त्यांचे. फार तर ओरडतील."

"आत्या," तो म्हणाला, आणि आता तो आवाज लहान मुलाचा होता, "आग लागली गो पायाला. रातपासून." मग त्याने माझ्याकडे पाहिले. "सॉरी, सर."

मी तिथेच प्लास्टर आणि कापूस दोन्ही कापून काढले. पोटरी लाकडासारखी टणक लागली. सिस्टरांना थिएटर तयार करायला सांगून मी पुन्हा मेजरांना फोन लावला.

"मघाशी मी फिट म्हणालो, तो शब्द परत घेतो. कंपार्टमेंट सिंड्रोम आहे. इथेच उघडतो."

"सर, आर यू शुअर?"

"मघाशी शुअर होतो. आता तपासलं आहे."

"करा, सर. अँब्युलन्स थांबवतो. तो या रस्त्याने आला असता तर..."

कल्याणपर्यंतच्या वाहतुकीत किती तास जातात, ते आम्हा दोघांना ठाऊक होते.

भूल देण्यापूर्वी प्रकाशने एकच प्रश्न विचारला. "सर, माझी केडर?" नाईकाचा हवालदार होण्यासाठी जो कोर्स करावा लागतो, त्याला केडर म्हणतात. पूर्ण तंदुरुस्त असल्याखेरीज तिला बसता येत नाही. ती जवळ आली होती. रात्री इंजेक्शन नाकारण्याचे दुसरे कारण मला तेव्हा कळले.

"आधी पाय," मी म्हणालो. "केडरबद्दल मी खोटं आश्वासन देणार नाही."

पोटरीच्या दोन्ही बाजूंनी लांब छेद घेऊन कप्प्यांच्या भिंती उघडल्या. स्नायू एकदम बाहेर उसळले, जांभळट, निस्तेज. त्यानंतर करण्यासारखे काही नसते. वाट पाहायची. भूलतज्ज्ञ बाईही टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. हळूहळू मागच्या कप्प्यात रंग आला. जांभळ्याचा लाल झाला, लालाचा गुलाबी. मी चिमट्याने स्पर्श केला आणि स्नायू थरारला. इतकी वर्षे हे शिकलो, शिकवले. तरी त्या क्षणी हात जोडावेसे वाटले. आम्ही फक्त दार उघडले होते. आत परतायचे की नाही, ते जीवाने स्वतः ठरवले.

पुढच्या कप्प्यातला एक पट्टा मात्र राखाडीच राहिला. तो थरारला नाही. तो मला काढून टाकावा लागला. मोडलेले हाड बाहेरून सळ्यांच्या चौकटीत पकडले, जखमा उघड्या ठेवल्या आणि मी बाहेर आलो.

आत्या बाकावर होती. मी तिच्या शेजारी बसलो. "पाय वाचला. पण थोडा स्नायू गेला. पाऊल वर उचलायला त्याला अडचण येईल. ही चूक माझी आहे."

"रात्रीच नीट विचारलं असतं तर?"

"तर बहुधा सगळाच वाचला असता."

मला वाटले, आता ती बोल लावेल. मी ऐकून घेण्याच्या तयारीत होतो. ती म्हणाली, "खरं बोललात. आता त्याला खायला कदी द्यायचं ते सांगा."

प्रकाश शुद्धीवर आल्यावर मी त्यालाही तेच सांगितले. तो म्हणाला, "नाही सर, चूक माझी. मी रिपोर्ट नाही केला." त्याला समजावणे आत्याला समजावण्यापेक्षा कितीतरी अवघड गेले.

दुसऱ्या दिवशी तो लष्करी रुग्णालयात गेला. तिथे जखमांवर कातडी लावली गेली. घडले ते सारे मी मेजरांना लेखी कळवले. त्यांनी नावे वगळून ते आपल्या शिकाऊ डॉक्टरांपुढे ठेवले, असे त्यांनी सांगितले. प्रकाशची ती केडर हुकली. त्याची वैद्यकीय श्रेणी खाली आली; सध्या तो स्टोअरमध्ये काम करतो. पुढच्या तपासणीत काय होईल, ते मी सांगू शकत नाही.

मी दारावरच्या पाटीवरचा हुद्दा पुसून घेतला. त्याचा फारसा उपयोग झालेला नाही. या तालुक्यात माजी सैनिक बरेच आहेत आणि ते माझ्या चालण्यावरूनच मला ओळखतात. आत आले की ताठ उभे राहतात. म्हणून मी आता कोणालाही "ठीक आहे ना?" असे विचारत नाही, त्या प्रश्नात उत्तराचा हुकूम आधीच दिलेला असतो. मी अंगठा वाकवतो आणि डोळ्यांकडे पाहतो. शिवाय सोबत आलेल्या माणसाला विचारतो, काल रात्री हे नीट जेवले का?