चारपट उंचीचा डोंगर

माझा चुलतभाऊ लढाईत एका डोंगरावर कामी आला आणि त्याचं प्रेत घरी आलंच नाही. आमचं गाव कडेगावजवळ. शेजारच्या घरातला त्याचा जोडीदार त्याच पलटणीत होता. तो धडधाकट परतला. गोळी लागली तसा भाऊ जागीच गेला, आणि चढ इतका उभा होता की त्याला खाली आणणं जमलं नाही, असं त्यानं माझ्या चुलत्यांना, आण्णांना, सांगितलं. आण्णांना ते पटलं नाही. दोन वर्षं त्यांनी त्याच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

मी तेव्हा सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि शहाणपणा अंगात मावत नव्हता. पूर्व-पश्चिम किती आणि दक्षिण-उत्तर किती, या दोन चलांवर उंची ठरते, म्हणजे डोंगर हे दोन चलांचं फलनच. त्याचं चित्र आता कॉम्प्युटर काढतो, असं मी एका सुट्टीत आण्णांना ऐकवलं. ते म्हणाले, "मग त्यो डोंगर काढून दाव मला."

पलटणीच्या पत्रात ठिकाण होतं. कॉलेजच्या लायब्ररीत त्या भागाचा जुना नकाशा निघाला. त्यावरून चौकटी-चौकटीला उंची वाचली, कॉम्प्युटरला आकडे द्यायच्या कार्डांना तशी भोकं पाडून घेतली आणि गठ्ठा घेऊन पुण्याला गेलो. सांगलीत कॉम्प्युटर कुठला. प्रिंटरनं फुल्या छापल्या, त्या मी पेनानं जोडल्या. डोंगर कसला, पालथी ताटली. चित्र उठावदार दिसेना म्हणून उंचीला चारनं गुणलं. आम्ही सगळेच असं करायचो. दुसऱ्या कागदावर चांगला कडा उभा राहिला, मी खूश झालो आणि तोच गावी नेला.

आण्णांनी कागद सोप्यात पसरला आणि उताराच्या रेषांवरून कितीतरी वेळ बोट फिरवलं. "हितनं माणूस खांद्यावर घिऊन कोण उतरंल?" म्हणाले, आणि उठून थेट शेजारी गेले. जोडीदाराला हाताला धरून आणलं, चहाला बसवलं, त्याच्या गळ्यात पडून रडले. चारपटीचं सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. त्याची मला आजही लाज वाटते.

जोडीदार नुसता कागदाकडे बघत होता. चहा गार झाला तरी त्यानं कपाला हात लावला नाही.

संध्याकाळी तो मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आला. गाडी वळणावर दिसली तेव्हा म्हणाला, "एवढा चढ न्हवता गड्या."

मी त्याला गुणाकाराचं सांगितलं. खरा कागद खोलीवर आहे, तो आण्णांना दाखवतो, असंही बोलून गेलो. त्यानं माझा दंड धरला.

"मी खाली उतारलो तवा त्यो जित्ता व्हता," तो म्हणाला.

आण्णा जाईपर्यंत दोघं रोज सोप्यात एकत्र चहा प्यायचे. मी गावाला जाणं टाळत राहिलो.