पुन्हा पडलेला पूल

एकाहत्तरच्या लढाईत बंगालमधल्या एका मोठ्या नदीवरचा लोखंडी रेल्वेपूल माघार घेणाऱ्या फौजेनं उडवला. तो जोडायला गेलेल्या आपल्या तुकडीत माझे वडील होते. हा इतिहास आम्हा भावंडांना तोंडपाठ. लग्नकार्यात, जेवताना, रेल्वे फाटकापाशी खोळंबलो की तिथंही अण्णा तो सांगायचे. सुरुवात ठरलेली: एक गर्डर पाण्यात नाक खुपसून पडलेला. शेवटही ठरलेला: जोडलेल्या पुलावरून पहिलं इंजिन गेलं, तेव्हा जोडणारे सगळे पुलाखाली नावेत उभे. त्यांच्यात तसा रिवाजच होता. "काम कच्चं आसतं तर आमच्याच टकुऱ्यावर आलं आसतं," म्हणत अण्णा हसायचे. आम्हाला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू!

आता अण्णा विसरायला लागलेत. आधी शेजाऱ्यांची नावं गेली. मग आई वारल्याचं विसरले. या उन्हाळ्यात गोष्टीचा शेवटच गेला. पूल उडाला, एवढंच उरलं.

आमचं घर इथं संभाजीनगरात, रुळांना लागून. मनमाडकडून येणाऱ्या गाडीची शिट्टी झाली, की अण्णा माझी लाल ओढणी घेऊन दाराकडं धावतात.

"अण्णा, पूल जोडलाय. तुम्हीच जोडला ना!"

"कोण म्हनलं? गर्डर पान्यात हाय, म्या सवता बघितलाय. गाडीत लई मानसं हायेत, सोड मला!"

त्या पुलावरून जाणारी गाडी मोबाइलवर दाखवली. "ह्यो दुसरा पूल," म्हणाले. दाराला कुलूप लावलं, तर कडी हलवत रडले. माणसं वाचवायला तडफडणाऱ्या बापाला रोज धरून ठेवायचं, याचा मला अक्षरशः वीट आलाय. दुसरं करू तरी काय? रुळांवर जाऊ देऊ?

परवा शिट्टी झाली तशी मीच ओढणी घेऊन बाहेर गेले. जरा वेळानं आत येऊन म्हटलं, "थांबवली, अण्णा."

ते खाटेवर टेकले. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला. पाणी मागितलं. मी खूश होऊन माठाकडं वळले, आणि घरामागून गाडी धडधडत गेली, रोजच्यासारखी मांडणीवरची भांडी वाजवत. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

अण्णा खाटेखाली अंग मुडपून बसले होते, दोन्ही हात डोक्यावर. मी त्यांना मिठीत घेतलं. शेवटचा डबा गेला. भांडी थांबली.

"पोरी," त्यांनी विचारलं, "किती गेले गं?"