नवरीशिवाय धवला

काल शेजारच्या मांडवातून ओल्या हळदीचा वास आला, आणि स्पीकरबरोबर मुली मोठ्याने गाऊ लागल्या, “पोरीला इचार रं बापा, मंगच हलद लाव.”

ही ओळ माझ्या आत्याची. आत्या उरणजवळच्या आमच्या गावची धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले, आमची लग्नगीतं, गाणारी. ती ऐकूनच पुढे वडिलांनी लग्न ठरवण्याआधी मला विचारलं, मी आधी शिकायचंय म्हणाले, म्हणून पदवीधर झाले.

मी सातवीत असताना मुंबईहून रेकॉर्डिंगचे साहेब यंत्र घेऊन आले. आत्या पाटावर बसली, पण गाईना.

“मांडवान नवरी नाय, तं धवला कसा गाऊ? अपशकुन होतो.”

“मग या मुलीलाच नवरी म्हणून बसवा,” साहेब माझ्याकडे बघून म्हणाले.

आईने मला मागे ओढलं. “खोटी नवरी बसली तं खरी हलद लागत नाय!”

“तुमचे मशीनलाच हलद लावा, मंग गाते,” आत्या म्हणाली. सगळे हसले. मीही हसले.

ओहोटी लागायच्या आत साहेबांना लाँच गाठायची होती. त्यांनी आत्याकडून शब्द तेवढे उतरवून नेले. पुढे रेकॉर्ड निघाली, ती एका पुरुषाच्या आवाजात; काल स्पीकरवर तीच लागली होती.

आईचा राग येत नाही. तिला माझी काळजी होती. पण पुढच्याच आठवड्यात गावात लग्न निघालं, आणि खऱ्या नवरीसमोर आत्या अशी गायली की भात वाढणाऱ्या बायका जागीच थांबल्या. तो आवाज आता आम्हा दोघी-तिघींनाच आठवतो, आणि आमच्यापैकी कुणालाच गाता येत नाही.