ॲनिमेतला सैनिक आणि आमचे काका

मंडळी, आज दुपारपासून मन खातंय.

मी घरी एक ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघत होते. त्यातला रोबोट चालवणारा सैनिक युद्धाहून परततो, पण नुसतं भांडं पडलं तरी टेबलाखाली लपतो. मी हसत सुटले. "कसला डरपोक आहे हा!"

मागे काका उभे होते, फौजेतून रिटायर झालेले. म्हणाले, "डरपोक नाही गं तो. त्याला अजून गोळीबार ऐकू येतोय."

तेव्हा लक्षात आलं. घराजवळच्या बालाजी घाटाकडे वरातीचे फटाके फुटले की काका आतल्या खोलीत दार लावून बसतात. आम्ही सगळे वर्षानुवर्षं त्यांची थट्टा करत आलोय.

मी सरकून जागा केली. काका शेजारी बसून बघू लागले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "याच्या घरचे पण याला हसतात का गं?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?