तीन गावांचा कॉम्प्युटर

जी वस्तू जिथं पिकते तिथं ती मरेपर्यंत विकत घ्यायची नाही, अशी शपथ घेतलेला माणूस उभ्या जगात एकच असेल, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघावा, हे माझं नशीब. आमचे भावजी फौजेत होते. आता निवृत्त होऊन साताऱ्यात राहतात. आम्ही सांगलीजवळ माधवनगरात. आता मला सांगा, सांगलीत राहणाऱ्या बाईला कोणी बाहेरगावाहून बेदाणे आणून देईल का? भावजींनी दिले. जम्मूला होते तेव्हा एका रजेत त्यांनी माझ्या हातात बेदाण्यांचा मोठा डबा ठेवला आणि म्हणाले, "वैनी, असला माल तुमच्या सांगलीत बघायला मिळायचा न्हाई. तिकडं लय स्वस्त." मी डबा उलटा करून पाहिला, तर बुडाशी ठसठशीत अक्षरांत छापलेलं, तासगाव! म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्यातला बेदाणा जम्मूपर्यंत गेला, तिथल्या दुकानदाराला चार पैसे मिळवून दिले आणि फौजी ट्रंकेत बसून परत आमच्याच दारात आला. मी ती अक्षरं त्यांच्या नाकासमोर धरली. दुसरा कोणी वरमला असता. भावजी म्हणाले, "बराबर हाय की! चांगला माल भायेर जातो, हितं ऱ्हातो त्यो गाळ. म्या चांगला माघारी आणला."

तेव्हा ते रजेवर येत ते एक भलीमोठी काळी ट्रंक घेऊन. ती घराच्या मधोमध ठेवायची, सगळी जमली की मगच उघडायची, आणि एकेक वस्तू काढून आधी तिची इथली किंमत सांगायची, मग तिथली, मग सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचं. आमच्या ह्यांना त्यांनी हिमाचलातून जाडजूड लोकरीचा कोट आणला होता. सांगलीच्या उन्हात! हे बिचारे भावाचं मन राखायला एकदा लग्नात घालून गेले आणि मांडवात घेरी येऊन पडले. मला सिलिगुडीहून प्रेशर कुकर आला. दिसायला देखणा, पण त्याचं रबर वर्षभरात गेलं आणि तसलं रबर अख्ख्या महाराष्ट्रात कुठं मिळेना. तो कुकर आज माळ्यावर आहे. मी त्यात जुन्या पणत्या ठेवते. "स्वस्त पडलं" म्हणायचं आणि जाण्यायेण्याचा खर्च काढला की हात झटकायचे, "प्रवास धरायचा नसतो वैनी, त्यो सरकारचा." पुढं निवृत्त झाले, सरकारचा प्रवास संपला, पण खोड संपली नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा ही म्हण कोणी काढली ते मला ठाऊक नाही, पण त्याला नक्की असलाच एक दीर असणार.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी ते माझ्या पोटावर उठले, म्हणून हे लिहिते आहे. मी घरीच लग्नपत्रिका करून देते. मजकूर लिहायचा, गणपती निवडायचा, सतरा काकांची नावं मानपानाप्रमाणे वरखाली करायची, आणि सगळं कॉम्प्युटरवर जुळवून छापखान्यात द्यायचं. लग्नसराईच्या चार महिन्यांत माझं वर्ष निघतं. तर दसऱ्याच्या सुमाराला माझा जुना कॉम्प्युटर काम करता करता झोपायला लागला. नवरदेवाचं नाव लिहावं आणि नवरीच्या नावाला पडदा काळा! हमरस्त्यावर पत्रिकांचं एक नवं चकचकीत दुकान नुकतंच निघालं होतं. तुळशीची लग्नं लागेपर्यंत माझं यंत्र धड झालं नसतं, तर माझी गिऱ्हाइकं तिकडं गेली असती, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक बारशाच्या पत्रिकेलासुद्धा परत येत नाही. मी सांगलीतल्या दुकानदाराशी बोलून ठेवलं होतं. उद्या जाऊन घेऊन यायचा, एवढंच बाकी. आणि त्याच संध्याकाळी ह्यांनी सहज म्हणून भावाला फोनवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं भावजी दारात हजर. चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "वैनी, त्या दुकानाची पायरी चढू नका. आमी दुबईला निघालोय."

कोण आम्ही, तर भावजी आणि त्यांच्याबरोबर नोकरी केलेले दोन दोस्त. एक मेढ्याचे सुभेदार, दुसरे कवठे महांकाळचे हवालदार. त्यांच्या पलटणीतला कोणीतरी तिकडं सिक्युरिटीत लागला होता, त्यानं बोलावलं होतं. "तिथं कॉम्प्युटर भाजीसारखा मिळतो. निम्म्यात आणतो. तुमी निस्तं काय काय पायजे ते सांगा." मी म्हटलं, भावजी, मला आज पाहिजे, माझा धंदा आहे. मी म्हटलं, बिघडला तर दुरुस्तीला काय दुबईला पाठवू? मी म्हटलं, विमानाचं तिकीट? तर लगेच, "तिकीट धरायचं नसतं, ते सहलीचं." चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. भाऊ समोर असला की आमच्या ह्यांना नेहमीच महत्त्वाची बातमी सापडते.

मोठा पडदा, सीपीयूचा दणकट डबा, चांगला कीबोर्ड, असं सगळं त्यांनी हातावर लिहून घेतलं आणि गेले. मी वाट बघत बसले. दिवाळी झाली. मागच्या गल्लीतल्या काकू मुलीच्या लग्नाचा मजकूर देऊन गेल्या, दोनदा विचारून गेल्या, आणि तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्या नव्या दुकानाची नमुन्याची पत्रिका होती. मी म्हटलं, "काकू, आठ दिवस द्या, दुबईहून यंत्र येतंय." काकू माझ्याकडे अशा काही बघत निघून गेल्या, की मला माझीच लाज वाटली.

तुळशीचं लग्न लागलं आणि भावजी उगवले. हातात एक कापडी पिशवी. पिशवीत एक कीबोर्ड, त्यावर इंग्रजीशेजारी अरबी अक्षरं, एक माऊस आणि वायरींचं भेंडोळं. मी पिशवी उलटी करून झटकली. "बाकीचा कुठंय?"

"हाय की. सुखरूप हाय," भावजी म्हणाले. "विमानात वजनाची लय कटकट. म्हणून तिघांत वाटून आणला. आमी रजेवर येताना असंच करायचो, एकाचं सामान चौघांच्या ट्रंकेत. पडदा सुभेदाराकडं, डबा हवालदाराकडं. मुंबईत उतरल्यावर रात झालीती, ज्येला जी गाडी घावली त्यो त्या गाडीनं घरला गेला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फौजेत हे चालत असेल हो, तिथं सकाळी सगळे पुन्हा एकाच रांगेत उभे राहतात! इथं माझ्या एका कॉम्प्युटरचा एक तुकडा साताऱ्याला, एक मेढ्याला आणि एक कवठे महांकाळला! मी तिथल्या तिथं पदर खोचला आणि म्हटलं, चला. तुमच्यावर सोडलं तर हा कॉम्प्युटर पुढच्या तुळशीला जुळेल.

आधी कवठ्याला गेलो. हवालदार घरी नव्हते, त्यांच्या आई होत्या. डबा मागितल्यावर म्हातारी हसली, आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि शाळूच्या, म्हणजे ज्वारीच्या, कणगीत खांद्यापर्यंत हात घातला. "लेकानं सांगितलं, दुसऱ्याची वस्तू हाय, जिवापाड जप. आमच्यात सोनंनाणं, कागूदपत्र, सगळं शाळूतच ठिवत्यात. उंदीर न्हाई, चोर न्हाई." शाळू ढवळून त्यातून म्हातारीनं माझा दुबईचा डबा वर काढला. खोकं नव्हतं, ते नातवंडांनी खेळायला नेलं होतं. डबा हलवला की आतून खुळखुळ आवाज येत होता. यंत्राला हवा लागावी म्हणून जेवढी भोकं ठेवलेली असतात, त्या प्रत्येक भोकातून ज्वारी आत गेली होती. मी काही बोलणार, तेवढ्यात म्हातारीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओटीत खण घातला. कुंकू लावणाऱ्या बाईवर ओरडता येत नाही. मग सगळं एसटीत भावजींवर ओरडले.

दुसऱ्या दिवशी मेढ्याला. सुभेदारांच्या घरात शिरले आणि समोरच माझा पडदा दिसला. देवघराशेजारी फळीवर बसवलेला, कोपऱ्याला हळदीकुंकू, वरून झेंडूची माळ. खाली तीन नातवंडं मांडी घालून त्या काळ्या काचेत स्वतःची तोंडं बघत होती. सुभेदार आम्हाला बघून उठले, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला काहीच समजेना. समजलं ते त्यांच्या बायकोनं पोहे पुढं ठेवल्यावर. "आवं ताई, ह्यांनी जल्मात पयल्यांदा घरात भायेरची वस्तू आणली बगा," ती म्हणाली. "एवढी नोकरी झाली, पर रजेवर यायचं ते मोकळ्या हातानं. पगार समदा भावांच्या शिक्षणाला. लोकांच्या ट्रंका उघडायच्या, आमची पोरं दुसऱ्याच्या दारात जाऊन बगायची. आवंदा दुबईहून यिऊन पिशवी खाली ठिवली, तर पोरांनी खोकं फोडलं, टीवी टीवी म्हणून नाचायला लागली. डिशवाला उद्या यायचाय."

सुभेदार जमिनीकडे बघत उभे होते. भावजी छताकडे बघत होते. माझ्या मनात काय काय येऊन गेलं. माझी सराई, हातात नमुन्याची पत्रिका घेतलेल्या काकू, ते हमरस्त्यावरचं दुकान. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी तोंड उघडलं. धाकटी नात मागे वळून म्हणाली, "आज्जी, आमच्या आजोबांनी आणला." आणि मी म्हटलं, "छान आहे हो टीव्ही."

सुभेदार आम्हाला स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटभर मान वर केली नाही. गाडी सुटताना माझ्या मांडीवर त्यांनी तांदळाची पिशवी ठेवली. तांदूळ उत्तम होता, मी नाव ठेवणार नाही, पण तांदळावर लग्नपत्रिका करता येत नाहीत.

गाडी गावाबाहेर पडली आणि मी सुरू झाले. कुकर काढला, कोट काढला, जम्मूचे बेदाणे काढले. अहो, मी सांगलीत घेतला असता तर आत्तापर्यंत निम्मी सराई उरकली असती! भावजींनी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बोला वैनी, तुमचं खरं हाय. पर एक सांगतो. रजेवर यायचो तवा ष्ट्यांडवर उतरायच्या आदी पोरं ट्रंक धरायला पळत यायची. वरीसभर लोक सांगायची, ह्ये आण, त्ये आण. आता बटन दाबलं की दारात खोकं येतंय. मी आलो काय अन् न्हाई आलो काय. तुमचा कॉम्प्युटर मोडला म्हणून दादा बोलला, तवा मला लय बरं वाटलं बगा."

ऐकलंत? माझा धंदा बुडत होता, आणि भावजींना बरं वाटत होतं! मी रागानं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझी तांदळाची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली होती आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

पडदा शेवटी मी सांगलीतच घेतला, त्याच दुकानात. डबा उघडून दुकानदारानं ज्वारी वर्तमानपत्रावर ओतली आणि विचारलं, "वहिनी, हे कुठलं मॉडेल?" काकू शेवटी माझ्यासाठी थांबल्या होत्या, त्यांच्या पत्रिका मी रात्रंदिवस बसून वेळेत दिल्या, दोन गिऱ्हाइकं मात्र गेली ती गेलीच. यंत्र चालतं उत्तम, हे कबूल करायला पाहिजे. फक्त कधी कधी पंख्यात एखादा दाणा अडकतो आणि वऱ्हाडाची यादी लिहिताना आतून कुरकुर ऐकू येते. भावजी मात्र चारचौघांत अजून छाती काढून सांगतात, "वैनींचा कॉम्प्युटर दुबईचा, निम्म्या किमतीत." निम्माच आला, मग निम्मी किंमत पडणार नाही तर काय!

गेल्या वर्षी भावजींचे गुडघे गेले. जम्मू राहिलं, दुबई राहिली. आता साताऱ्याहून सांगलीला यायचं तरी डॉक्टर कुरकुरतात. परवा त्यांचा फोन आला. "वैनी, रविवारी येतोय. काय आणायचं का?" आवाज असा, की उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं. नेहमीप्रमाणे "काही नको, तुम्ही या" म्हणायला मी तोंड उघडलं. समोर खिडकीतून आमच्या गल्लीच्या तोंडावरचं दुकान दिसत होतं, दारात बेदाण्यांच्या पेट्यांची थप्पी लागलेली.

"भावजी," मी म्हटलं, "येताना बेदाणे आणाल का?"

"सांगलीला? बेदाणं?"

"हो. इथं फार महाग झालेत. आणि माल अगदी गाळ."

"मी कवाधरनं सांगतोय!" भावजी एवढ्या जोरात ओरडले की मी फोन कानापासून लांब धरला. "तुमी आजाबात घिऊ नका वैनी. मी आणतो. किती आणू?"

"तुम्हाला उचलतील तेवढे आणा," मी म्हटलं, आणि ह्यांना सांगितलं, रविवारी पिशवी धरायला स्टँडवर जा.