‘वाढव’ म्हणजे बंद कर

अमेरिकेतल्या चँडलर गावात आमचं किराणा दुकान आहे; तिथे ‘दुकान बंद करू या’ असं कोणी म्हणत नाही. बंद हा शब्द धंद्याला चांगला नाही. दिवसाचा व्यवहार आटोपला की ‘दुकान वाढवू या’ म्हणायचं. माझे वडील तिकडे भारतात त्यांच्या किराणा दुकानात हेच म्हणायचे. माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, पुण्याहून आयटीच्या नोकरीवर इथे आला तेव्हा पहिला उन्हाळा आमच्याच घरी राहिला. संध्याकाळी दुकानात येऊन बसायचा आणि भूक लागली की तोच ओरडायचा, “दादा, वाढवा ना आता दुकान!” हे त्याला आठवत नाही म्हणे. मला चांगलं आठवतं.

मला क्रॅप्सचा नाद होता. नादच म्हणतो, व्यसन नाही; व्यसनाला बजेट नसतं. लांबडं टेबल, दोन फासे, आवडत्या नंबरांवर पैशांच्या बदल्यात मिळालेल्या चिप्स लावायच्या आणि सात येऊ नये म्हणून देवाला साकडं घालायचं. सात आला की सगळे नंबर साफ. महिन्यातून एका शनिवारी दुपारी मी कसिनोत जायचो. बजेट बायकोशी घासाघीस करून ठरलेलं. मी पाचशे डॉलर म्हणालो, ती दोनशे. कोथिंबिरीच्या जुडीवर माझी गिऱ्हाइकं करतात त्याहून चिवट भाव तिने केला. तीनशेवर पटलं. अट एकच: “वर एक डॉलर गेला, तर पुन्हा टेबलाचं नाव काढायचं नाही.”

ही अट मी कधी मोडली नाही. कार्ड घरी ठेवायचो. जिंकलेले पैसे शर्टाच्या खिशात, वरून बटण. हरलो तरी ताठ मानेने घरी यायचो.

त्या शनिवारी साडू मागे लागला, “यार दादा, मलाही शिकवा.” नेला. नशीब चाललं होतं. टेबलाच्या काठावरच्या माझ्या खाचेत जिंकलेल्या चिप्सची रांग लागली होती. तेवढ्यात दुकानातून फोन आला: फ्रीजर बंद पडलाय. टेबलाशी फोनवर बोलू देत नाहीत. मी बाजूला होता होता त्याला म्हणालो, “वाढव रे आता, निघायचंय.”

फोन संपवून परत येतो तर खाच रिकामी.

“चिप्स कुठे आहेत?”

“लावल्या. सात आला, दादा. काय करणार!”

“लावल्या? तुला गोळा करायला सांगितलं होतं!”

“तुम्ही म्हणालात वाढव. मी बेट वाढवली.”

“आणि निघायचंय म्हणालो ते?”

“मला वाटलं, निघायच्या आधी एक मोठा हात मारायचाय.” वर शांतपणे म्हणतो, “मग रिकव्हर करायला माझ्या कार्डावर चारशे काढले. तेही गेले. निम्मे तुमचे ना?”

माझ्या तोंडून तेव्हा जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. डीलर मराठी नव्हता, तरी फासे पुढे सारायचं थांबवून माझ्याकडे बघत राहिला. मी एक पैसा देणार नाही असं बजावलं आणि दुकानात फ्रीजरचं बघून त्याला घेऊन घरी आलो.

पण आमच्याआधी फोन पोचला होता. त्याने गाडीतूनच आपल्या बायकोला मेसेज केला होता, तिने माझ्या बायकोला फोन. मी दारातच सुरू झालो, “त्या लबाडाला शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक आहे! आपल्याच काउंटरवर बसून शिकलाय!”

“ठाऊक असेल,” बायको म्हणाली. “पण दोनशे डॉलरसाठी मी बहिणीशी भांडण काढणार नाही. देऊन टाका.”

“म्हणजे तीनशेच्या वर गेले! ते मी नाही घालवले!”

“टेबलावर त्याला कोणी नेलं?”

“अगं, पण इतकी वर्षं मी—”

“अहो,” ती शांतपणे म्हणाली, “वाढवा आता.”

साडू अजून कसिनोत जातो. परवा जेवायला आला, पोळीवर तूप ओढत मला म्हणाला, “दादा, चलताय का या शनिवारी?” मी ताटावरून उठलो. बायकोने वाढवा म्हटलं होतं, आणि आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ एकच आहे.